पाखराला छातीशी धरू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

फलटणकडे पतंग नागपंचमीला उडतात, बाकी बऱ्याच ठिकाणी संक्रांतीला. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळकडे मण्यांत गोडी उतरू लागली की द्राक्षबागांवर जाळ्या चढतात. उन्हाळ्यात घारी आणि बगळे उष्म्याने खाली येतात. एकूण काय, जखमी पक्षी हाती लागण्याचा हंगाम सांगली-साताऱ्याकडे जवळपास बारमाही आहे. त्यांना सोडवायला धावणारी माणसेही पुष्कळ आहेत आणि त्यांच्या बातम्या फोटोसह छापून येतात. या फोटोंत बरेचदा पक्ष्याची छाती मुठीत आवळलेली असते, चोचीला बाटलीचे झाकण लावलेले असते आणि पंखाच्या मुळाशी हळद थापलेली असते. धावून जाणाऱ्यांच्या मनाबद्दल शंका नाही, पण या तिन्ही गोष्टींनी पक्षी मरू शकतो. उडण्यासाठी त्याचे शरीर ज्या रीतीने घडले आहे, त्या शरीराला माणसाचे प्रथमोपचार चालत नाहीत. कुठे आणि का चालत नाहीत, एवढेच या पत्रात सांगायचे आहे. पत्र लांबले आहे. जागा देता आली तर बरे.

श्वासापासून सुरुवात करू. माणसाच्या फुप्फुसांखाली श्वासपटल असते. छाती कुणी आवळून धरली तरी पोटाच्या हालचालीवर आपण थोडाफार श्वास ओढू शकतो. पक्ष्याला असे स्नायूचे श्वासपटल नाही. त्याची फुप्फुसे लहान, बरगड्यांना आतून चिकटलेली आणि जवळजवळ न फुगणारी असतात. हवा ओढण्याचे काम करतात त्या त्यांना जोडलेल्या पातळ हवेच्या पिशव्या. बहुतेक पक्ष्यांत त्या नऊ असतात: मानेकडे दोन, गळ्यापाशी एक, छातीत पुढे दोन, मागे दोन आणि पोटात दोन. या पिशव्या लोहाराच्या भात्यासारख्या चालतात आणि हा भाता ओढणारा दांडा म्हणजे छातीचे हाड. ते खाली-पुढे झुकले की हवा आत येते, वर आले की बाहेर पडते. मुठीत छाती आवळली की हे हाड जागचे हलत नाही. मग नाक-चोच मोकळी असूनही पक्षी गुदमरतो. अंगावर खूण नाही, रक्त नाही. धरणाऱ्याला वाटते, आता कसा शांत झाला! तो शांत झालेला नसतो.

हवेचा प्रवासही ऐकण्यासारखा आहे. पहिल्या श्वासाला आत आलेली बरीचशी हवा फुप्फुस ओलांडून थेट मागच्या पिशव्यांत जाते. उच्छ्वासाला ती तिथून फुप्फुसात शिरते. दुसऱ्या श्वासाला फुप्फुसातून पुढच्या पिशव्यांत आणि दुसऱ्या उच्छ्वासाला बाहेर. म्हणजे हवेच्या एका घोटाला दोन श्वास लागतात, पण फुप्फुसातून ती नेहमी एकाच दिशेने वाहते. श्वास घेताना आणि सोडताना, दोन्ही वेळा तिथे ताजी हवा असते. आपल्या फुप्फुसात प्रत्येक श्वासाला थोडी शिळी हवा मागे राहते, तसे इथे होत नाही. हिवाळ्यात महाराष्ट्रातल्या जलाशयांवर उतरणारे पट्टकादंब हंस हिमालय ओलांडून येतात. त्यांच्या अंगावर बसवलेल्या यंत्रांनी ७,२९० मीटरपर्यंतच्या उंचीची नोंद केली आहे. तिथल्या विरळ हवेत पंख मारत राहणे या रचनेमुळे जमते.

याच रचनेचा तोटा असा की विषारी वायूही तितक्याच चोखपणे शोषला जातो. ब्रिटनच्या कोळसा खाणींत १९८६पर्यंत कॅनरी पक्षी ठेवत ते याचसाठी; माणसाला कळण्याआधी पक्षी कोलमडे. म्हणून जखमी पक्ष्याचा खोका चुलीजवळ, फोडणीच्या धुरात किंवा मच्छर-कॉइल लावलेल्या खोलीत ठेवू नये. नॉनस्टिक तवा नुसता तापत राहिला तर त्याचा न दिसणारा धूरही पक्ष्यांना मारतो.

मग धरायचा कसा? कबुतरे पाळणाऱ्यांना हे शिकवावे लागत नाही. ते पाय तर्जनी आणि मधल्या बोटाच्या फटीत घेतात, पंखांची टोके शेपटीवर मिटवून अंगठ्याने वरून हलकेच दाबतात आणि छाती मोकळी सोडतात. पारवा, होला, पोपट अशा आकाराच्या पक्ष्यांना हीच पकड चालते. पोपट चावतो, म्हणून डोक्यावर फडके टाकावे. चिमणी-बुलबुलाएवढ्या पक्ष्याची पाठ तळहाताला लावावी, मान तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मधे येऊ द्यावी आणि बाकीच्या बोटांचा नुसता पिंजरा करावा, दाब अजिबात नको. घारीची भीती चोचीपेक्षा पायांची. जाड टॉवेल टाकून आधी पाय ताब्यात घ्यावेत. बगळा, वंचक, करकोचा यांचे उलट: ते थेट डोळ्याच्या दिशेने चोच मारतात, म्हणून पहिला हात मानेच्या वरच्या भागाला. वटवाघूळ मांजात अडकले असेल तर उघड्या हाताने त्याला मुळीच शिवू नये. तो पक्षी नाही, सस्तन प्राणी आहे आणि त्याच्या चाव्याने होणाऱ्या आजारांत रेबीज येतो.

आता पाणी. पक्ष्याची चोच उघडून पाहिली तर जिभेच्या बुडाशीच एक उभी फट दिसते, उघडझाप करणारी. ती श्वासनलिकेचे तोंड. आपल्याकडे घास गिळताना त्यावर झाकण पडते. पक्ष्यात तसे झाकण नसते. धडपडणाऱ्या किंवा अर्धवट शुद्धीतल्या पक्ष्याच्या चोचीत बाटलीतून, ड्रॉपरने, कापसाच्या बोळ्याने पाणी सोडले की ते सरळ या फटीत उतरते, तिथून फुप्फुसात आणि पिशव्यांत. आपल्यासारखे जोराने खोकून ते बाहेर टाकणे त्याला जमत नाही, कारण त्याला श्वासपटल नाही. त्या क्षणी पक्षी मरतोच असे नाही. दोन दिवसांनी न्यूमोनियाने मरतो, तेव्हा लोक म्हणतात, पाणीसुद्धा पाजले होते, तरी गेला. पक्षी स्वतः उभा राहत असेल तर उथळ वाटीत पाणी ठेवावे, तो पिईल. उभा राहत नसेल तर पाणी सुईने द्यायचे की नळीने, ते डॉक्टर ठरवतील.

हळदीच्या गावात हळदीविरुद्ध लिहिणे धाडसाचे आहे, पण त्याआधी हाडांविषयी बोलावे लागेल. ‘पक्ष्यांची हाडे पोकळ, म्हणून ते हलके, म्हणून उडतात’ हे वाक्य प्रत्येकाने शाळेत पाठ केलेले आहे. ते अर्धेच खरे आहे. तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याशी तुलना केली तर पक्ष्याचा सांगाडा वजनाला फारसा कमी भरत नाही, कारण हाडाची भिंत जास्त घन असते. बऱ्याच पक्ष्यांत पिसांचे एकूण वजन सांगाड्यापेक्षा जास्त असते. पोकळ हाड वजन वाचवते त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते वाकायला आणि पिळवटायला चांगला विरोध करते; दंडाच्या हाडाच्या टोकांशी तर आतून बारीक आडवे-तिरके टेकूही असतात. शिवाय पाठीची, कमरेची, शेपटीची, तळहाताची कितीतरी हाडे जुळून एकसंध झालेली आहेत, त्यामुळे त्यांना जागेवर धरून ठेवायला स्नायू खर्च होत नाहीत. वजन वाचले आहे ते दात, जड जबडा आणि मूत्राशय नसण्यात, बहुतेक जातींच्या मादीत एकच बीजकोश चालता असण्यात. पाण्यात बुडी मारणाऱ्या पाणकावळ्याला हलके राहून चालत नाही, तर त्याच्या हाडांत हवाही कमी.

प्रथमोपचाराच्या दृष्टीने मात्र पोकळी किती, यापेक्षा ती कशाला जोडलेली आहे हे महत्त्वाचे. खांदा ते कोपर हे जे दंडाचे हाड, त्याच्या आतली पोकळी बहुतेक उडणाऱ्या पक्ष्यांत गळ्याजवळच्या हवेच्या पिशवीला जोडलेली असते. म्हणजे हे हाड श्वसनसंस्थेचाच एक फाटा झाले. १८व्या शतकात जॉन हंटर या शल्यविशारदाने दाखवून दिले होते की श्वासनलिका बंद केली तरी कापलेल्या दंडाच्या हाडातून पक्षी श्वास घेत राहतो. मांजाने किंवा धडकेने हे हाड मोडून कातडीबाहेर आले असेल, तर ते तोंड सरळ आत फुप्फुसाकडे उघडते. त्यावर डेटॉलचे पाणी ओतले की ते श्वासमार्गात ओतल्यासारखेच. हळद भरली की तिची पूड आत खेचली जाते. तेलात कालवून लावली तर पिसे चिकटतात, मग त्यांची ऊब धरण्याची आणि पाणी निथळवण्याची ताकद जाते. व्हॅसलीन आणि चिकट मलमांचेही तेच. पंखाच्या वरच्या भागातून हाड बाहेर दिसत असेल तर करायचे काम एकच: मिठाच्या निर्जंतुक पाण्यात, म्हणजे सलाइनमध्ये भिजवून घट्ट पिळलेली गॉजची घडी वरून अलगद ठेवावी आणि दवाखाना गाठावा. हाड आत ढकलू नये.

रक्ताचा हिशेबही मनाशी असू द्यावा. शंभर ग्रॅम वजनाला साधारण आठ-दहा मिली रक्त. पंचवीस ग्रॅमच्या चिमणीत ते अर्धा चमचाही भरत नाही. माणसाला ‘दोन थेंब’ वाटते ते तिला बरेच असते. स्वच्छ कापडाची घडी जखमेवर दोन-तीन मिनिटे हलकेच दाबून धरावी, सारखी उचलून पाहू नये. कधी कधी जखम नसताना पंखातून रक्त वाहते. तेव्हा पाहावे, वाढीला लागलेले नवे पीस मोडले आहे का. अशा कोवळ्या पिसाच्या दांड्यात रक्तवाहिनी असते.

खांद्याची रचना शब्दांत सांगून डोळ्यांसमोर येत नाही. त्यासाठी पक्षी मारायचीही गरज नाही. जे मांसाहार करतात त्यांनी रविवारी चिकन आणताना दुकानदाराला सांगावे की छातीची एक बाजू हाडासकट अखंड ठेव आणि पंख खांद्यातून तोडू नकोस. ती ताटात घेऊन पाहिली तर छातीच्या हाडाच्या मधोमध उभी राहिलेली धार दिसते. धारेला लागून सुरीने चीर द्यावी आणि वरचा मोठा मांसल भाग बोटांनी पंखाच्या दिशेने उलटत जावे. हा पंख खाली मारणारा स्नायू. पारव्यात दोन्ही बाजूंचे मिळून हे स्नायू त्याच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाचे असतात. त्याच्याखाली हाडाला चिकटून एक निमुळती, सुटी पट्टी निघते. तिच्या खांद्याकडच्या टोकाला पांढरी चकचकीत दोरी असते, ती खांद्यातल्या एका छिद्रात शिरते. आता पट्टीचे जाड टोक धरून छातीच्या दिशेने ओढावे. पंख वर उचलला जातो!

पंख वर उचलणारा स्नायू पाठीवर असायला हवा असे कुणालाही वाटेल. पण पाठीवर वजन ठेवले तर हवेत तोल उलटा होईल. म्हणून उचलणारा स्नायूही छातीवरच आहे आणि त्याची दोरी तीन हाडांच्या सांध्यातल्या छिद्रातून वर जाऊन दंडाच्या हाडावर वरच्या अंगाने बसते, कप्पीवरून दोर फिरवावा तशी. मोठा स्नायू या पट्टीपेक्षा कितीतरी पट जड असतो, कारण ताकद लागते ती पंख खाली मारायला. ब्रॉयलरचे हे मांस पांढरे असते, पारव्याचे गडद लाल. कोंबडीला क्षणभर फडफडून झाडावर चढण्यापुरतीच ताकद हवी असते. पारव्याला तास न् तास उडायचे असते. पांढऱ्या स्नायूला लवकर थकवा येतो. मोर, तितर यांचा शेतातून पाठलाग करत राहिले की स्नायूंत आम्ल साठून ते मोडतात आणि पकडला गेलेला पक्षी वरून धडधाकट दिसत असूनही काही तासांत किंवा दिवसांत मरतो. लांब पायांच्या रोहित पक्ष्यांनाही हा धोका मोठा. दोन-चार मिनिटांत हाती आला नाही तर थांबावे, माणसे बाजूला करावीत आणि वनविभागाची वाट पाहावी.

वर म्हटलेल्या तीन हाडांपैकी खांद्यापासून छातीच्या हाडापर्यंत टेकू देणारे जाड हाड म्हणजे कोराकॉइड. मोठा स्नायू आवळला जातो तेव्हा छाती चेपली जाऊ नये, हे त्याचे काम. काचेच्या खिडकीवर आपटलेल्या पक्ष्यांत बरेचदा हेच मोडते. पंख लोंबत नाही, रक्त नाही, पक्षी खोक्यात नीट बसलेला. फक्त वर उडता येत नाही. गच्चीवरून ‘जा बाळा’ म्हणून त्याला हवेत भिरकावले की तो दगडासारखा खाली येतो आणि या वेळी बाकीची हाडेही मोडतात. वेळेत दवाखान्यात गेला तर हे हाड काही आठवडे नुसत्या विश्रांतीने बऱ्यापैकी जुळून येते. बरा झालाय का हे फेकून पाहायची पद्धत कायमची बंद व्हायला हवी.

मांजाच्या जखमा बहुधा एका विशिष्ट जागी होतात. पंख उघडला की खांदा ते मनगट असा कातडीचा पातळ पडदा ताणलेला दिसतो. त्याच्या पुढच्या कडेतून एक लवचिक दोरी जाते. पंखाला पुढून जो गोलसर आकार येतो आणि ज्यामुळे हवा वर उचलते, तो या पडद्यामुळे. ताशी साठ-सत्तर किलोमीटरने येणारा पारवा नायलॉनच्या ताणलेल्या धाग्यावर आदळतो तेव्हा धागा याच कडेत रुततो आणि पक्षी धडपडतो तसा आणखी खोल जातो. पडदा फाटला आणि दोरी तुटली की हाड शाबूत असूनही पंख निकामी होतो. काही तासांत शिवला तर आशा असते. कडा सुकल्या, आक्रसल्या की टाके धरत नाहीत. म्हणून ‘रक्त थांबलंय, उद्या नेऊ’ असे म्हणू नये.

धागा ओढून काढायचा नाही. जखमेच्या दोन्ही बाजूंना बोटभर अंतर ठेवून कात्रीने तोडावा आणि रुतलेला तुकडा तसाच ठेवावा, तो डॉक्टर काढतील. झाडावर लटकलेल्या पक्ष्याला आधी खालून टॉवेलचा किंवा जाळीचा आधार द्यावा, मग वरचा धागा तोडावा. नाहीतर सगळे वजन एकदम दुसऱ्या गुंत्यावर येते आणि सांधा निखळतो. पंखाची पिसे तर कधीच कापू नयेत. पारव्याच्या पंखाला मनगटापुढची दहा मोठी पिसे असतात. ती उडताना पुढे रेटा देतात आणि त्यांची मुळे हाताच्या हाडावर घट्ट बसलेली असतात. कोपर ते मनगट या भागातली पिसे वर उचलून धरतात. बाहेरचे एखादे पीस हातात घेतले तर दांड्याच्या एका बाजूचा पाता अरुंद आणि दुसऱ्या बाजूचा रुंद दिसेल. अरुंद बाजू पुढची, ती हवा कापते. कापलेले पीस वाढत नाही. बुंधा गळून नवे येईपर्यंत काही महिने, कधी वर्षभरही तो पक्षी अपंग राहतो. उपटले तर नवे काही आठवड्यांत येते, पण उपटताना मूळ दुखावले की पुढची सगळी पिसे वाकडी येतात. पिसाचा पाता नुसता विस्कटला असेल तर मात्र घाबरायचे कारण नाही. त्याच्या बारीक काड्यांवर सूक्ष्म आकडे असतात आणि पक्षी चोचीने ते पुन्हा जुळवून घेतो. आपल्याला चिमटीत बुंध्याकडून टोकाकडे दोनदा ओढूनही ते जुळवता येतात. मुलांना दाखवावे असे आहे.

पंख लोंबत असेल तर चिकटपट्टी, बँडेड, सुतळी काही नको. छातीभोवती गुंडाळलेली पट्टी म्हणजे पुन्हा श्वासाचा प्रश्न. शिवाय तो ताणलेला पडदा बांधलेल्या अवस्थेत दिवसेंदिवस राहिला तर आखडतो आणि पंख पूर्ण उघडत नाही. पक्ष्याचे हाड दोन-तीन आठवड्यांत जुळते. माणसापेक्षा कितीतरी लवकर. हीच अडचणही आहे. वाकडे जुळले तर तेही तितक्याच लवकर पक्के होते आणि पंख थोडा जरी पिळलेला राहिला तरी उड्डाण संपते. माणूस वाकड्या हाताने जेवतो, लिहितो. पक्ष्याला दोन्ही पंख सारखेच लागतात.

घरी करण्यासारखे काम खोक्याचे. पारव्याला बुटांचा खोका पुरतो, घारीला दोन फूट लांबीचा लागतो. पक्षी उभा राहू शकेल पण पंख पसरू शकणार नाही, इतकीच जागा हवी. छिद्रे पक्षी आत ठेवण्याआधी पाडावीत. तळाला घडी घातलेले सुती कापड घालावे, धागे सुटलेले नको, नखे अडकतात. झाकण बंद. अंधारात पक्षी शांत होतो, कारण त्याला बरीचशी भीती डोळ्यांतून कळते; दर पाच मिनिटांनी उघडून मुलांना दाखवू नये. तारेचा पिंजरा चालत नाही, त्यावर आपटून उड्डाणपिसे मोडतात. हाताला पक्षी गरम लागला म्हणून त्याच्यावर पाणी शिंपडणारेही पाहण्यात येतात. त्याला ताप नसतो. पक्ष्यांचे तापमान मुळातच ४० ते ४२ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. पिसे फुगवून, डोळे मिटून बसलेला पक्षी थंडीच्या दिवसांत असेल तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एका कडेला ठेवावी, म्हणजे नको तेव्हा त्याला बाजूला सरकता येते. उन्हाने पडलेल्या घारीला मात्र ऊब देऊ नये. तिला सावली, वारा आणि समोर उथळ भांडे द्यावे.

खायला काही घालू नये. दूध-पाव तर नाहीच; पक्ष्यांना दुधातली साखर पचत नाही. पक्षी किती दिवस उपाशी आहे हे पाहायचे असेल तर एका बोटाने छातीच्या हाडाची धार चाचपावी. दोन्ही बाजूंना मांस भरलेले असेल तर ठीक. धार सुरीसारखी लागली तर तो बरेच दिवसांचा भुकेला आहे आणि अशा पक्ष्याला एकदम पोटभर घालणे धोक्याचे. खोक्यातली विष्ठा पुसून टाकू नये. पांढरा भाग म्हणजे लघवीच, घट्ट युरिक आम्लाच्या रूपात. त्यासोबत नुसताच हिरवट डाग असेल तर पोटात अन्न गेलेले नाही. डॉक्टरांना हे दिसले की त्यांचे काम सोपे होते.

काही पक्षी जखमी नसतातच. पाकोळीचे पाय इतके आखूड की सपाट जमिनीवर पडली की तिला उठणे जड जाते. तिला उघड्या तळहातावर घेऊन मोकळ्या जागी हात डोक्याच्या वर धरावा, मनात आले की निघून जाते, फेकू नये. एप्रिल-मेमध्ये झाडाखाली सापडणारी आखूड शेपटीची, पिसांच्या बुडाशी नळ्या दिसणारी पिल्ले उडायला शिकत असतात. आईबाप जवळच असतात. मांजरापासून दूर, जवळच्या फांदीवर ठेवून आपण निघून जावे.

बागायतदारांनाही एक सांगणे. पक्षी मारायला जाळी कुणी लावत नाही, पण सैल लोंबणारी आणि बारीक पारदर्शक धाग्याची जाळी लावली की बुलबुल, साळुंक्या, पोपट आणि रात्री घुबडे तीत गुरफटतात. धागा जाड, रंग पांढरा आणि जाळी ताणून बसवलेली असली की पक्षी तिला टेकून परत फिरतो. छिद्रातून बोट सहज जात असेल तर पक्ष्याचे डोके किंवा पायही जातो. खालची कड जमिनीशी बंद करावी आणि सकाळ-संध्याकाळ एक फेरी मारावी. जाळीत रात्रभर उलटा लटकलेला पक्षी सकाळी सोडवला तरी जगेलच असे नाही. द्राक्षे उतरली की जाळी गुंडाळून आत ठेवावी, बांधावर टाकू नये. नायलॉन आणि तत्सम कृत्रिम मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने ११ जुलै २०१७च्या आदेशाने देशभर बंदी घातलेली आहे. झाडांवर, तारांवर अडकून राहिलेला जुना मांजा मात्र हंगाम संपल्यावरही कापत राहतो. पतंगांचे दिवस संपल्यावर लगेच तो उतरवण्याची मोहीम नगरपालिकांनी घेतली पाहिजे. वीजवाहिन्यांजवळचा मांजा फक्त वीज कंपनीच्या कर्मचाऱ्यांनीच काढावा.

शेवटी कुठे न्यायचे ते. वनविभागाची ‘हॅलो फॉरेस्ट’ हेल्पलाइन १९२६ या क्रमांकावर आहे. त्यांची मदत येईपर्यंत जवळचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना रक्त थांबवणे, वेदनाशामक देणे ही कामे करू शकतो. रानपक्षी ‘बरा होईपर्यंत’ म्हणून घरी ठेवून घेणे वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. खोक्यावर चिठ्ठी चिकटवावी: कुठे सापडला, किती वाजता, कशात अडकला होता, काही पाजले-लावले असल्यास काय. हे शेवटचे लाजून लपवू नये, उपचार त्यावर ठरतात. जागा नेमकी लिहावी, नुसते ‘मिरज’ नको. बरा झालेला पक्षी जिथला तिथेच सोडायचा असतो, दिवसा फिरणारा सकाळी आणि घुबड-पिंगळा दिवेलागणीला.

आपले,
प्राणिशास्त्राचे काही शिक्षक व पशुवैद्यक, सांगली